परका फोन

गौतम, तुझा पासवर्ड अजून तोच आहे. लेकीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. किती वेळा म्हणलो तुला, बदल रे बाबा, वारंगा फाट्यावरच्या चहावाल्यालासुद्धा तो पाठ झालाय. तू म्हणायचास, "असू दे पक्या. उद्या मी न्हाई राहिलो तर तुला दुकान चालवता यायला पाहिजे." आणि खी खी करून हसायचास. असलं बोलणं तुला परवडायचं, कारण तुला काही होईल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. पहिले आठ दिवस वहिनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "नांदेडच्या डॉक्टरला फाईल पाठवली होती. त्यानं साधं उत्तर दिलं न्हाई." माणसं डॉक्टरला शिव्या घालायची, चहा प्यायची, उठून जायची. मी तिथंच सतरंजीवर बसलेला असायचो. वहिनी माझ्याकडं बघून म्हणायच्या, "यांनीच पाठवली होती, विचारा." आणि मी मान हलवायचो. हे तुला आधी सांगून टाकतो. मी मान हलवत होतो.

आपण बारा वर्षं भांडलो ते एकाच गोष्टीवरून. तू कॅमेरा धरायचास, मी कॉम्प्युटरवर बसून कापाकापी करायचो. लग्नाची फिल्म तयार झाली की ती पोचवायची कशी, यावर आपली जुंपायची. मला वाटायचं, टाक व्हॉट्सॲपवर, दाबून-चेपून जाईल तेवढी जाईल. तू भडकायचास. "नवरीच्या तोंडाचं पीठ होऊन राहिलं पक्या त्यात! सहा महिने पोरीनं त्या शालूसाठी जीव काढला अन् तू त्याची जर घालवून टाकतो?" मग तू ड्राइव्हवर जागा विकत घेतलीस, आणि अख्खी फिल्म तिथं चढवून नुसती लिंक पाठवायची पद्धत पाडलीस. मला काय, आणखी बरं झालं. लिंक टाकली, "पाठवलं" असं लिहिलं, की माझं काम संपलं.

मग ते साखऱ्याचं लग्न झालं. आठवतंय ना? तिकडं सेनगावच्या पुढं. मी लिंक पाठवली आणि पंधरा दिवस विसरून गेलो. नवरीचा बाप फोन करायचा तर मी म्हणायचो, "पाठवलंय की हो, बघा नीट." शेवटी तू गाडीवर टांग टाकून पेन ड्राइव्ह घेऊन तिथवर गेलास. नवरीच्या आईनं तुझ्यापुढं फोन धरला. लिंक दाबली की एक चौकट यायची, परवानगी मागा. ते बिचारे रोज मागत होते. ती माउली तुला म्हणाली, "भाऊ, दाबून दाबून बोट दुखून राहिलं. लेकीची पाठवणी एकदा तरी पाहू द्या." तू परत आलास, दुकानाच्या, म्हणजे तुझ्याच, मेलमध्ये शिरलास, आणि तिथं नवरीच्या बापाचे अकरा अर्ज पडलेले होते. मेल कोण बघतं आपल्याकडं? फोन चालू करायला लागतो म्हणून मेल काढायचा, आणि नंतर त्याचं तोंड बघायचं नाही. मी लिंक देताना ‘कुणीही उघडू शकेल’ असं करायचं विसरलो होतो. एक बटण.

तू मला शिवी दिली नाहीस. दिली असतीस तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तू तुझा जुना, काच तडकलेला फोन घेऊन आलास. त्यातलं मेलचं खातं काढून टाकलंस, दुकानाचं जुनं सिम घातलंस आणि पाठीवर व्हाइटनरनं लिहिलंस, "परका". म्हणलास, "आजपासून कोणतीबी लिंक आधी या फोनवर टाकायची. याला आपली काही वळख न्हाई. याला उघडलं तर कुणालाबी उघडतं. मग गिऱ्हाइकाला पाठवायची. अन् मग फोन करून विचारायचं, उघडलं का."

मी तुझी किती टिंगल केली त्याच्यावरून! पोस्टमन म्हणायचो तुला. पत्र टाकून झालं की पत्रामागं पळत जाणारा पोस्टमन. गिऱ्हाइकाच्या घरी जेवणं चालू असायची, तुझा फोन जायचा, "उघडलं का?" बारशाचे फोटो असोत नाहीतर बॅनरची फाईल, तुझं आपलं तेच. लोक तुझा नंबर बघून हॅलो म्हणायच्या आधीच म्हणायचे, "उघडलं, गौतमभाऊ, उघडलं!"

मलासुद्धा तू सोडलं नाहीस. माझे वडील, अण्णा, औंढ्याला देवळाच्या वाटेवर बेलफुलं विकायचे. तू एकदा दुसऱ्याच कामाला गेला होतास आणि तिथं उभा राहून त्यांचं अर्धा तास शूटिंग करून आलास, मला न सांगता. ते पानं पुसतात, पुड्या बांधतात, कुणाशी तरी वाद घालतात, मधेच खोकतात. अण्णा गेले त्या आठवड्यात तू मला ती लिंक पाठवलीस. मी बघता बघता हुंदके देऊन रडत होतो आणि तुझा फोन. "उघडलं का?" मी ओरडलो, "उघडलं रे, उघडलं!" तू म्हणलास, "मग बराबर." आणि ठेवलास. दोन शब्द सांत्वनाचे नाहीत, काही नाही. तेव्हा राग आला होता. आता ती अर्ध्या तासाची फाईल सोडली तर अण्णांचं हलतं-बोलतं काही माझ्याकडं नाही. तुला कधी थँक्यू म्हणलो नाही मी. आपल्यात तशी रीतच नव्हती.

शेवटचं भांडण बुधवारचं. मी एका गिऱ्हाइकाला अल्बमची लिंक परक्या फोनवर न बघताच पाठवून दिली. तू माझ्यापुढंच त्यांना फोन लावलास. माझं डोकं फिरलं. "पाठवलं म्हणजे पाठवलं! समोरच्याला अक्कल न्हाई त्याला मी काय करू?" तू थंडपणे म्हणलास, "समोरच्याला अक्कल हाये पक्या. आपुनच दाराला कुलूप लावलं, चावी खिशात घातली, अन् त्याला म्हणून राहिलो या घरात." मी हेडफोन आपटून निघून गेलो. तुला उत्तर द्यायचं राहिलं होतं. आता आहे माझ्याकडं उत्तर, पण ते तुझ्याच बाजूचं आहे.

गुरुवारी हळदीच्या कार्यक्रमात स्टेजवरून तुझा पाय घसरला. पडताना तू दोन्ही हातांनी कॅमेरा वर धरलास आणि मंडपाच्या लोखंडी पाइपवर डोकं घेतलंस. उठलास आणि पहिलं काय विचारलंस, "लेन्स ठीक हाये ना?" सगळे हसले. मीसुद्धा. शुक्रवारी तुझं डोकं ठणकत होतं, शनिवारी उजेड सहन होईना. मी तुला जबरदस्तीनं हिंगोलीला नेलं आणि स्कॅन करून आणलं. लेखी रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. तिथल्या माणसानं सीडी हातात दिली आणि म्हणला, घाई असेल तर मेंदूच्या डॉक्टरला दाखवून घ्या. नांदेडच्या डॉक्टरकडं फोन लावला तर तिथला माणूस म्हणला, "उद्या रविवार हाये, ओपीडी बंद. फाईल पाठवा, सर बघून सांगतील." काहीच चुकलं नव्हतं तोवर कुणाचं.

मी दुकानात आलो. सीडीतला अख्खा फोल्डर तुझ्या ड्राइव्हवर चढवला, कारण जागा तिथंच होती. लिंक काढली. डॉक्टरच्या नंबरवर टाकली. खाली लिहिलं, "पाठवलं सर." परका फोन माझ्या उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवर उघडायला किती वेळ लागतो, गौतम? रविवारचं लग्न एकट्यानं करायचं होतं, बॅटऱ्या चार्ज करायच्या होत्या, आणि बुधवारचा राग अजून पोटात होता. मी मनात म्हणलोसुद्धा, आता कोण विचारणार आहे मला उघडलं का? तू तर घरी अंधार करून पडला होतास. सहाच्या सुमाराला निळ्या टिका आल्या. मी म्हणलो, झालं, बघितलं.

जाताना तुझ्या घरी डोकावलो आणि निघताना वहिनींना म्हणलो, "तो फोन काढून घ्या त्याच्याकडून. डोळ्याला आराम पाहिजे." त्यांनी बंद करून कपाटात ठेवला.

रविवारी दुपारी भर मंडपात वहिनींचा फोन आला. इकडं अंतरपाट धरलेला, बँडवाले तयारीत, कॅमेरा चालू. "भाऊजी, यांना लई कसंतरी होऊन राहिलं. दोनदा उलटी झाली. नांदेडला घेऊन जाऊ का? काय म्हणले डॉक्टर?"

मी म्हणलो, "बघितलं त्यांनी, वहिनी. काही असतं तर फोन आला असता."

बघितलं त्यांनी. मला माहीत होतं का ते? नव्हतं. निळ्या टिका बघितल्या होत्या मी. एवढ्या भरवशावर मी तुझ्या बायकोला थांबवलं. सोमवारी सकाळी तू उठलाच नाहीस. गाडीत घातलं तेव्हा श्वास होता, नांदेडच्या अलीकडं तोही थांबला. लेक सुजाता तुझी पावलं मांडीवर घेऊन बसली होती. बारा वर्षांचं लेकरू, ते तुझे पाय चोळत होतं, गरम होतील म्हणून.

पुण्यानुमोदनाला, तुझ्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तुझा मोठा फोटो लावायचा होता. दुसऱ्यांचे लाखभर फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो सापडेना. सहाव्या दिवशी मी फोटो शोधायला तुझ्या खात्यात शिरलो आणि चुकून मेलवर गेलो. तिथं दोन अर्ज पडलेले होते. डॉक्टरांनी फाईल बघायची परवानगी मागितली होती. एक शनिवारी सहा वाजून दोन मिनिटांनी. दुसरा रविवारी सव्वाअकराला. रविवारी, गौतम. सुट्टीच्या दिवशी त्या माणसानं आठवणीनं पुन्हा दार वाजवलं होतं. आणि आम्ही इकडं त्याच्या नावानं बोटं मोडत होतो.

मी परवानगी दिली. का दिली, मला माहीत नाही. हात काम करून गेला. आणि मग मी बारा वर्षांत जे कधीच आपणहून केलं नव्हतं ते केलं. फोन लावला. म्हणलो, "सर, वारंगा फाट्याहून बोलतोय. ती स्कॅनची फाईल. उघडलं का?"

"अहो, किती दिवस लावले? दोनदा परवानगी मागितली मी. थांबा, बघतो." पलीकडं माउसचा आवाज येत होता. टक, टक, टक. मग आवाज बंद झाला. आणि डॉक्टरांचा सूरच बदलला. "पेशंट कुठं आहे? ताबडतोब घेऊन निघा. आडवं झोपवून आणा, वाटेत कुठं थांबू नका. मी इथं ऑपरेशनची तयारी करायला सांगतो."

मी खुर्चीवरून उठलो, निघायचंच असल्यासारखा.

"हॅलो? अहो, थांबलात काय, निघा!"

"सर, ते गेले. सोमवारीच गेले."

मी विचारलं, "सर, शनिवारी उघडली असती तर?" ते म्हणाले, "बोलावून घेतलं असतं. पुढचं मी सांगू शकत नाही. पण बोलावून घेतलं असतं."

तरी मी दोन दिवस गप्पच राहिलो. स्वतःला सांगत होतो की वहिनींना कळलं तर त्या स्वतःला दोष देतील, ज्या फोनवर ते अर्ज दिसले असते तो त्यांनीच बंद करून ठेवला होता म्हणून. बघ कसा असतो माणूस! फोन काढून घ्या म्हणून सांगणारा मी, आणि त्यांच्या आडोशाला लपणाराही मीच.

मग त्या रविवारच्या लग्नाचं एडिटिंग करायला बसलो, डोकं कशात तरी घालावं म्हणून. अंतरपाटाचा शॉट आला. कॅमेऱ्याचा माइक चालूच होता. हेडफोनमध्ये माझाच आवाज आला, अगदी स्वच्छ, अगदी बेफिकीर. "बघितलं त्यांनी, वहिनी. काही असतं तर फोन आला असता." आणि लगेच मंगलाष्टकं. मी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. तो आवाजाचा तुकडा कापून मी फिल्ममधून काढला, पण पुसला नाही. तुझ्याच ड्राइव्हवर ठेवलाय. उठलो, आणि तसाच तुझ्या घरी गेलो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बटणाचं, अर्जांचं, डॉक्टर काय म्हणले त्याचं. फोन मीच काढून घ्यायला लावला होता तेही. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणल्या, "त्या फोनवर बघितलं न्हाई तुमी? त्या परक्या?"

"न्हाई, वहिनी."

"काहून?"

राग होता म्हणून, हे उत्तर एखाद्या बाईला तिच्या नवऱ्याच्या फोटोपुढं देता येत नाही.

"रविवारी दारात गाडी उभी होती, भाऊजी," त्या म्हणल्या. "शेजारच्यानं आणली होती. यांना शर्टबी घातला होता मी. तुमी म्हणलात म्हणून गाडी परत लावून दिली अन् शर्ट काढला." एवढं बोलून त्या ताट तसंच ठेवून आत गेल्या. मी तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं सुजाता बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली. "काका, मम्मी म्हणून राहिली, तुमी आता जा."

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी डॉक्टरांना नावं ठेवणं बंद केलं. माझंही नाव काढत नाहीत असं कळलं. कार्यक्रमाला मी मागं उभा राहिलो. तुझा फोटो मीच केलेला, पण जवळ जाऊन फूल वाहायची हिंमत झाली नाही. तू असतास तर काय म्हणला असतास याचा मी फार विचार करतो. शिवी घातली असतीस की पाठीवर हात ठेवला असतास? तुझं काही सांगता येत नव्हतं. मला वाटतं तू गप्प राहिला असतास, साखऱ्याहून आलास तेव्हासारखा, आणि तेच मला जड गेलं असतं. माफ कर म्हणणार नाही मी तुला. तू केलंस तरी आता ते माझ्यापर्यंत यायचं कसं?

काल वहिनींचा फोन आला. चौदा दिवसांनी. दुकानाच्या कार्डावर अजून तुझाच नंबर आहे, आणि तो आता त्यांच्याकडं वाजतो. "त्या रविवारच्या लग्नवाल्यांचा फोन आलता. फिल्म मागून राहिले."

"व्हय वहिनी. तयार हाये. पाठवतो."

मला वाटलं त्यांनी फोन ठेवला. मग म्हणल्या, "नुसती पाठवू नका. आधी त्या फोनवर उघडून बघा. अन् नंतर त्यांना फोन करून विचारा."

"व्हय."

त्यांनी ठेवला. मी ड्रॉवर उघडला. परका फोन चार्जिंग संपून बंद पडला होता, तो लावला. लिंक आधी त्याच्यावर टाकली. उघडली. अंतरपाट, नवरी, शालूची जर आणि जर, सगळं दिसलं. मग नवरीच्या बापाला पाठवली आणि फोन लावला. विचारलं, "उघडलं का?"

"उघडलं की. सगळं घर बसून बघून राहिलं."

"मग बराबर," मी म्हणलो, आणि ठेवला.

मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. ड्रॉवर उघडण्यापासून फोन ठेवेपर्यंत, परका फोन चालू व्हायला लागला तो वेळ सोडला, तर दोन मिनिटं लागली होती, गौतम.